आमच्या गोलामागे बसणारे बस्त्यावकाका

हॉकीचा सामना बघायला आलेला माणूस साधारण मधल्या रेषेच्या आसपास जागा धरतो. तिथून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. बस्त्यावकाका मात्र गोलाच्या मागे बसायचे, आणि तेही आमच्याच गोलाच्या. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की ते आपलं घडीचं स्टूल उचलायचे, मैदानाला पूर्ण वळसा घालायचे आणि पुन्हा आमच्याच गोलामागे येऊन बसायचे. समोरच्या गोलात काय चाललंय ते तिथून दिसणं शक्यच नव्हतं. मी एकदा तसं बोललो, तर म्हणाले, "तिकडं काय होत न्हाय, सेक्रेटरी. झालं तर कुणी ना कुणी ओरडंलच. आठ सालं झाली, कोण ओरडलं न्हाय."

मी त्या क्लबचा सेक्रेटरी होतो. ही दोन हजार दोन ते चारच्या सुमाराची गोष्ट. लालबागची खोली विकून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मी विम्याच्या ऑफिसात नोकरीला. कॉलेजात हॉकी खेळलो होतो, म्हणजे बहुतेक वेळ राखीव म्हणून बाकावर बसलो होतो. सोसायटीतल्या कुणीतरी मोरव्याजवळच्या मैदानाची माहिती दिली आणि मी एका रविवारी तिथे गेलो. मिठागरांच्या कडेला मुरमाचं मैदान, लाकडी खांबांचे दोन गोल, पत्र्याची एक शेड. दोन वर्षांत मी कमिटीवर गेलो, तिसऱ्या वर्षी सेक्रेटरी झालो. मला चांगलं अक्षर होतं आणि इंग्रजीत पत्रं लिहिता यायची. दुसरं काही कारण नव्हतं.

आमच्या क्लबची रचना बस्त्यावकाका एका वाक्यात सांगायचे. "टीम समुद्राकडची, कमिटी स्टेशनकडची. मधे मोरवा." खरंच तसं होतं. खेळाडू बहुतेक उत्तनचे आणि त्याच्या पुढच्या चौक गावातले, ख्रिस्ती घरांतले. कुणी बोटीवर जाणारे, कुणी शेती बघून कारखान्यात जाणारे. कमिटीत आम्ही सगळे भाईंदर स्टेशनच्या परिसरातले: नोकरदार, दुकानदार, आणि अध्यक्ष म्हणून म्हात्रेशेठ. त्यांचा रेती-सिमेंटचा धंदा होता. हॉकी त्यांना कळत नव्हती आणि कळत असल्याचं सोंगही ते आणत नसत. त्यांचा हा प्रामाणिकपणा तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

बस्त्यावकाका चौकचे. पासष्टी ओलांडलेली. ठेंगणे, काळेसावळे, पायांत रबरी चप्पल, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेन असावं तशी जाळं विणायची सुई. तरुणपणी बोटीवर जायचे. गुडघा गेल्यावर घरी बसून जाळी विणायला आणि दुरुस्त करायला लागले. आमच्या दोन्ही गोलांची जाळी त्यांनी विणलेली होती, मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीची. मुंबईहून आलेल्या संघांचे खेळाडू ती हात लावून बघायचे. विकतच्या जाळ्याला सहा महिन्यांत भोकं पडतात. ह्या जाळ्याला पडली, तर दुसऱ्या दिवशी ती मिटलेली असायची.

आमच्यावर गोल झाला की बस्त्यावकाका स्टुलावरून उठायचे. आधी गोलाच्या तळाची फळी वाजल्याचा आवाज व्हायचा, मग त्यांचा उसासा ऐकू यायचा. जाळ्यापाशी जाऊन चेंडू लागलेली जागा बोटांनी चाचपायचे आणि गोलकीपरला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचे, "जालं बरोबर हाय. मासाच आपल्या घरचा आला." म्हणजे चूक आपल्याच कुणाची.

ते "हरलो" असं कधी म्हणत नसत. "ओट लागली" म्हणत. ओट म्हणजे ओहोटी. सामना एक-शून्य हरल्यावर मी वही मिटत असलो की शेजारी येऊन उभे राहायचे. "सेक्रेटरी, जगात कुठं सहा तासांच्या वर ओट ऐकलीस? आपल्याकडं आठ सालं चालू हाय. दर्यात काय खोट न्हाय. कुणीतरी बंधारा घातलाय."

बंधारा म्हणजे आम्ही, कमिटी.

आमच्यावर त्यांचा राग होता आणि तो योग्य होता. मुंबईच्या लीगच्या खालच्या विभागात आम्ही खेळायचो. निम्मे सामने आमच्यासारख्या मुरमाच्या मैदानांवर, निम्मे मुंबईत टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. टर्फवर चेंडू पाण्यासारखा सरळ धावतो. मुरमावर सराव केलेला माणूस तिथे तो उसळेल म्हणून वाट बघतो आणि चेंडू त्याच्या काठीखालून निघून जातो. महिन्यातून दोनदा टर्फवर सराव मिळावा म्हणून काका तीन वर्षं मागे लागले होते. त्या तीन वर्षांत आम्ही काय केलं? पाहुण्यांसाठी एक लाल सोफा घेतला. लाउडस्पीकर घेतला. आणि दर वर्षी म्हात्रेशेठच्या वाढदिवसाला त्यांच्याच हस्ते त्यांचाच सत्कार केला.

गोलकीपर रेमंडच्या पायांवरचे पॅड फाटले होते. काकांनी ते घरी नेले आणि जाळ्याच्या दोरीने शिवून आणले. मैदानावर येऊन ते पॅड त्यांनी सोफ्यावर ठेवले, म्हात्रेशेठच्या अगदी शेजारी.

"हे काय बस्त्याव?" शेठ म्हणाले.

"पाव्हणे हायत," काका म्हणाले. "लई मार खाल्लाय यांनी. जरा बसू द्या."

शेठ हसले. आम्ही सगळेच हसलो. पॅड मात्र नवे आले नाहीत.

खेळाडूंची अदलाबदल हा काकांचा आवडता विषय. हंगाम संपला की दहा-बारा दिवस क्लब बदलायची मुदत असे. तेव्हा कुणाला सोडावं, कुणाला घ्यावं, याच्या याद्या ते चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून आणायचे. लेफ्ट-इन, राइट हाफ, खेळायच्या जागांची सगळी जुनी नावं. याद्या अभ्यास करून केलेल्या असायच्या, आणि आज सांगतो, बरोबर असायच्या. मी त्या फायलीत लावायचो. वाचायचो नाही.

एका वर्षी वार्षिक सभेत ते उभे राहिले आणि कॅलेंडरचं पान उलगडून गंभीरपणे वाचू लागले. "बदलीचा प्रस्ताव. आपल्याकडनं द्यायचे: अध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, कमिटी मेंबर चार. त्यांच्याकडनं घ्यायचा: एक फुलबॅक. चालंल असा, म्हातारा पण चालंल." सभा खदखदली. काका थांबले, चष्म्यावरून बघितलं आणि पान उलटलं. "समोरची पार्टी तयार न्हाय झाली, तर आपण वर सोफा देऊ."

म्हात्रेशेठ सगळ्यांत मोठ्याने हसले. "आणि सेक्रेटरी? त्यांना नाय देत तुम्ही?"

"त्याला ठेवा," काका म्हणाले. "अक्षर चांगलं हाय. आणि आमच्या पोरांचे कागद त्याच्याकडं हायत."

त्या कागदांविषयी आता सांगायला हवं. ते सांगायचं टाळत मी इथवर आलो आहे.

दुसऱ्या क्लबात जायचं असेल, तर खेळाडूला आपल्या क्लबचं सोडपत्र लागायचं: खेळाडूची सही, सेक्रेटरीची सही आणि तारीख. माझ्या आधीच्या सेक्रेटरीच्या काळात चौकच्या एका चांगल्या खेळाडूला एका कंपनीच्या संघात नोकरीसह जागा मिळत होती. सेक्रेटरी गणपतीला गावी गेले होते. पत्राला सही मिळेपर्यंत मुदत संपली आणि नोकरी गेली. तेव्हा काकांनी एक रीत पाडली. हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूने सोडपत्रावर सही करून ठेवायची, सेक्रेटरीनेही करायची आणि फक्त तारीख कोरी सोडायची. ज्या दिवशी खेळाडूला बाहेर संधी येईल, त्या दिवशी त्याने यावं, आपल्यासमोर तारीख घालून घ्यावी आणि जावं. कुणासाठी अडायचं नाही.

खेळाडू आधी बिचकले. कोऱ्या तारखेच्या कागदावर सही कोण करेल? काका घरोघर गेले. रेमंडच्या आईला त्यांनी सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे, कारण ते पत्र घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. "कपाटात ठेवलंय असं समज, फिलोमिना. चावी रेमंडकडं. सेक्रेटरी फक्त कपाट हाय."

मी तेव्हा हसून मान डोलावली होती.

रेमंड हा आमच्या संघातला एकमेव खेळाडू, ज्याच्याकडे बघायला मुंबईचे लोक यायचे. सत्तावीस वर्षांचा, उंच, मितभाषी. काकांनी त्याला लहानपणापासून चौकच्या वाळूत शिकवलं होतं. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते, तिथे चेंडू जोरात येतो. काठीऐवजी फळकुट. आठवड्यातले चार-पाच दिवस तो आपल्या चुलत्याच्या बोटीवर जायचा आणि सामन्याच्या आधी परत यायचा. त्या वर्षी एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती होणार होती. अट अशी की येत्या हंगामात लीगचे ठरावीक सामने प्रत्यक्ष खेळलेले असावेत. वयाच्या मर्यादेत बसायचं ते रेमंडचं शेवटचं वर्ष. आमचा संघ कितीही हरला, तरी गोलात उभा राहायला तोच होता, त्यामुळे सामन्यांची संख्या भरणार हे नक्की होतं. काका म्हणायचे, "हरू दे साले सगळे. हा पोरगा एवढं साल उभा राहिला, का सुटला."

बदलीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी मुंबईला लीगच्या कचेरीत गेलो होतो. तिथे सगळ्या क्लबांचे सेक्रेटरी जमायचे. चहा, सिगारेटी, कानात बोलणं. एरवी तिथे मला कुणी विचारत नसे. त्या दिवशी आमच्याच विभागातल्या एका मोठ्या क्लबचे सेक्रेटरी माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "सावंतसाहेब, तुमची टीम गोल खाते म्हणून हरत नाही. गोल करत नाही म्हणून हरते." हे बस्त्यावकाका आठ वर्षं सांगत होते. पण माझ्या बरोबरीच्या माणसाने, चहा पाजून, "साहेब" म्हणून सांगितल्यावर ते मला पटलं. त्यांनी दोन फॉरवर्ड देऊ केले. बदल्यात गोलकीपर. पाच वाजता खिडकी बंद होणार होती.

रेमंड बोटीवर होता. तिसरा दिवस. तिथे फोन लागत नव्हता. मी लावून बघितला असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मी एकदाच लावला आणि तो लागला नाही तेव्हा मला बरं वाटलं.

भरतीचं मला माहीत होतं का? होतं. मोठ्या क्लबात गेला, तर त्याचं भलंच होईल, असं मी मनाशी म्हटलं. त्या क्लबाकडे आधीच दोन गोलकीपर आहेत, हेही मला माहीत होतं. आणि आणखी एक. त्या दिवशी सोडपत्रांची फाइल माझ्या पिशवीत होती. ती नेहमी शेडमधल्या कपाटात असायची. मनात काहीच नव्हतं, तर मी ती बरोबर कशाला नेली?

मी रेमंडचं पत्र काढलं आणि तारीख घातली. चांगल्या अक्षरात.

घरी येताना मला काय वाटत होतं, तेही लिहितो. मला अभिमान वाटत होता. पहिल्यांदाच आपण क्लबसाठी काहीतरी मोठं केलं असं वाटत होतं. काकांचा चेहरा कसा होईल, याची मी कल्पना करत होतो. दोन फॉरवर्ड! आता समोरच्या गोलाकडे कुणीतरी ओरडेल.

बोट लागल्यावर रेमंड थेट मैदानावर आला. अंगाला माशांचा वास, हातात चपला.

"सावंतसाहेब, माझं नाव दुसऱ्या लिस्टमध्ये कसं हाय?"

मी म्हणालो, "वरून ठरलं."

एवढंच म्हणालो. वर म्हणजे कोण, हे त्याने विचारलं नाही. आमच्याकडे वर म्हटलं की एकच माणूस, सोफ्यावर बसणारा. रेमंडने हातातल्या चपला खाली टाकल्या. मग म्हणाला, "पण मी सांगितलं नव्हतं ना. बस्त्यावकाका बोलले होते, मी सांगितल्याशिवाय तारीख पडत न्हाय." मी फाइल आवरत राहिलो. तो चपला घालून गेला.

पुढचं सगळं एकामागून एक झालं. मोठ्या क्लबाने रेमंडला घेतलं ते आमच्या विरुद्धच्या सामन्यात आमच्याकडे चांगला गोलकीपर नसावा म्हणून. पूर्ण हंगाम तो बाकावर बसला. भरतीसाठी लागणारे सामने झाले नाहीत. अर्ज परत आला. वय सरलं. आमच्याकडे आलेल्या दोन फॉरवर्डपैकी एक सरावाला कधी उगवलाच नाही. दुसरा चार सामने खेळला आणि मिरा रोडहून रिक्षा मिळत नाही असं सांगून यायचा बंद झाला.

आणि चौकमध्ये लोक बस्त्यावकाकांच्या दारात जाऊन विचारू लागले. आमच्या पोरांच्या सह्या तुम्ही घेतल्या. आता कुणाच्या कागदावर कधी तारीख पडेल? फिलोमिनाबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. शेजारचं घर. दोन्ही अंगणांत मासळी वाळत घालायची एकच काठी होती. ती त्यांनी आपल्या बाजूने काढून घेतली. हे मला त्यांच्या शेजारच्या दुसऱ्या खेळाडूने सांगितलं. काका स्वतः बोलले नाहीत.

ते बोलले ते वार्षिक सभेत. शेडमध्ये चाळीसेक माणसं होती. रेमंड नव्हता, कारण तो आता आमचा सभासद नव्हता. काका उभे राहिले. त्या दिवशी हातात कॅलेंडरचं पान नव्हतं.

"अध्यक्षसाहेब, मी तुमची मस्करी लई केली. आज मस्करी न्हाय. रेमंड दर्यावर असताना त्याच्या कागदावर तारीख तुम्ही घातली. ते पत्र मी त्याच्या आईकडनं माझ्या शब्दावर घेतलं होतं. मना माझा शब्द परत द्या."

म्हात्रेशेठ खरोखर गोंधळले. "कोण रेमंड?"

कुणीतरी हसलं.

"अरे बाबा, मला गोलकीपर कोण ते पण माहीत नाय," शेठ म्हणाले. "मी कुठल्या कागदाला हात लावला? सावंत, क्या भानगड है ये? मी बोललो तुम्हाला काही?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यापुढे इतिवृत्ताची वही उघडी होती. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते: "मी घातली." शेठ रागावले असते. कदाचित माझं सेक्रेटरीपद गेलं असतं. एवढंच. आज आठवताना ते पद किती लहान होतं याची लाज वाटते.

मी म्हणालो, "पत्रावर रेमंडची स्वतःची सही आहे."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते बोलायला सोपं गेलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गोल झाल्यावर जाळ्याकडे बघायचे तसं, चेंडू कुठून आला ते शोधत असल्यासारखं. मग ते खाली बसले.

नंतर उपाध्यक्ष उठले. अध्यक्षांवर भर सभेत खोटा आरोप झाला आहे, हे म्हाताऱ्याचं नेहमीचंच आहे, क्लबची शिस्त राहिली पाहिजे. बस्त्याव यांचं सभासदत्व रद्द करण्याचा ठराव आला. शेठ म्हणाले, "जाऊ द्या ना, कशाला." तेवढं बोलणारे तेच एकटे होते. बाकीचे हात वर गेले. शेवटच्या बाकावरचे चौकचे दोन खेळाडू हात खाली ठेवून बसले होते. मी ते पाहिलं आणि वहीत लिहिलं, "ठराव सर्वानुमते मंजूर." लिहिताना माझा हातही वर होता, डावा.

काकांनी जाताना स्टूल उचललं आणि दारात थांबून म्हणाले, "जालं माझं हाय. ते क्लबचं न्हाय. पण राहू द्या तिथंच." ते कुणाला उद्देशून होतं मला माहीत नाही.

रेमंडला मी अजून हे सांगितलेलं नाही. आता तो उत्तन-भाईंदर रस्त्यावर टेम्पो चालवतो. एक-दोनदा समोरून जाताना त्याने मला हात केला आहे. हे छापून आलं की त्याला कुणीतरी वाचून दाखवेल. तोंडाने सांगण्यापेक्षा छापून सांगणं सोपं असतं, म्हणून मी लिहितोय, हे मला कळतं.

पुढचा हंगाम बस्त्यावकाकांशिवाय गेला. चौकचे तीनच खेळाडू राहिले. सराव व्हायचा, सामने व्हायचे, आम्ही हरायचो. आमच्या गोलामागची जागा मोकळी असायची. मुरमात स्टुलाच्या चार पायांचे खड्डे पडले होते, तेही हळूहळू बुजले. नवा गोलकीपर सरळ पायांतून गोल खायचा. जाळ्याला भोकं पडायची, पण दर रविवारी बघावं तर जाळं धड असायचं. मी समजत होतो, शेडवरचा राखणदार दुरुस्त करतो.

हंगामाच्या शेवटी आम्ही तळाला राहिलो आणि लीगमधून बाहेर पडलो. म्हात्रेशेठचं लक्ष तोवर महानगरपालिकेच्या निवडणुकीकडे वळलं होतं. कमिटीने क्लब काही काळ स्थगित ठेवायचं ठरवलं. स्थगित हा शब्द मीच सुचवला. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी शेडमधले कागद आणायला मैदानावर गेलो.

तिथे बस्त्यावकाका होते. लांबच्या गोलापाशी स्टुलावर बसून जाळं शिवत होते. वर्षभरात बरेच वाळले होते. शर्ट खांद्यावरून उतरत होता.

मी जवळ गेलो. त्यांनी वर बघितलं आणि जणू काल भेटलो असू तसं म्हणाले, "आलास? हे टोक धर. ताणून. एकट्याला जमत न्हाय आता."

मी टोक धरलं. ते सुई फिरवत राहिले. जाळ्याचा एक डोळा विणायचा, गाठ मारायची, अंगठ्याने दाबायची. पुढचा.

"आता क्लबच बंद होतोय काका," मी म्हणालो. "कुणासाठी शिवता?"

"भोक हाय म्हणून."

मिठागराकडून वारा येत होता आणि जाळं हातात ओढ घेत होतं. मग माझ्या तोंडून निघालं. मी ठरवलं नव्हतं. "काका, ती तारीख मी घातली होती. शेठनी नाही. शेठना काहीच माहीत नव्हतं."

सुई थांबली. एक क्षणच. त्यांनी ती गाठ पूर्ण केली आणि अंगठ्याने दाबली.

"रेमंडला सांगितलंस?"

"नाही."

"फिलोमिनाला?"

"नाही."

"मग मना क्याला सांगतोस?"

त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, सावकाश उठले, माझ्या हातातलं टोक काढून घेतलं आणि खांबाला बांधलं. दोन वेढे, घट्ट. मी धरायची गरज उरली नाही.

"जा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दहाची बस हाय."

मी कागद न घेताच मैदानाबाहेर रस्त्यावर आलो. तिथे दोन थांबे आहेत, समोरासमोर. पलीकडच्या बाजूला उत्तन-चौककडे जाणारी बस थांबते, अलीकडच्या बाजूला भाईंदर स्टेशनची. मी अलीकडे उभा राहिलो. नेहमीची सवय.

चौकची दहाची बस आधी आली. समोर थांबली. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन दोन बायका खाली उतरल्या. बस जागच्या जागी धडधडत राहिली. कंडक्टरने दारातून माझ्याकडे बघून हात केला, येताय का. मधे रस्ता पूर्ण मोकळा होता.

मी मैदानाकडे बघितलं. बस्त्यावकाका गोलाच्या आत उभे होते, जाळ्यापलीकडे, आणि बसकडे बघत होते. बसकडे, मग माझ्याकडे. तेवढ्या अंतरावरून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. जाळं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

कंडक्टरने घंटी मारली. बस गेली.

त्यांनी आणखी थोडा वेळ चौककडच्या रिकाम्या थांब्याकडे बघितलं. मग स्टूल जवळ ओढलं, रस्त्याकडे पाठ करून बसले आणि पुढचं भोक शोधायला लागले.